गोल पृथ्वी, सपाट कागद आणि राजूरचा एक एकर

शाळेच्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेला जगाचा नकाशा आपण सर्वांनीच लहानपणी पाहिलेला आहे. भारत कुठे, विलायत कुठे, पॅलेस्टाईन कुठे, हे आपण त्याच नकाशावर बोट ठेवून शिकलो. गुरुजींचा शब्द आणि छापील कागद ह्या दोहोंवर आपला सारखाच विश्वास होता. त्यामुळे ह्या नकाशावर ग्रीनलंड हे बेट जवळजवळ आफ्रिका खंडाएवढे का दिसते, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. वस्तुतः ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे, तर आफ्रिकेचे सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट मोठी आहे. आपला भारतदेखील ग्रीनलंडच्या दीडपट आहे. नकाशावर मात्र तो त्या बर्फाळ बेटापुढे धाकट्या भावासारखा दिसतो.

हा दोष छापखान्याचा नाही आणि नकाशा काढणाऱ्याच्या निष्काळजीपणाचाही नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची म्हटले की काहीतरी सोडावेच लागते. काय राखायचे आणि काय सोडायचे हे ठरवण्याच्या पद्धतीला भूगोलात ‘प्रक्षेपण’ म्हणतात. ह्या प्रक्षेपणांचा इतिहास म्हणजे माणसांनी वेळोवेळी केलेल्या निवडींचा इतिहास आहे. त्यात खलाशी आहेत, धर्मगुरू आहेत, राजे आहेत, मोजणीदार आहेत. आणि ज्याची जमीन मोजली गेली तो शेतकरीही आहे.

राजूरचा एक एकर

विषय गणिताचा असल्यामुळे रुक्ष वाटण्याचा संभव आहे. म्हणून आपण ओळखीचे एक माप हाती घेऊ. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात राजूर हे गाव आहे. पेढ्यांसाठी आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. जवळच प्रवरा नदीवर १९१० ते १९२६ ह्या काळात बांधलेले भंडारदऱ्याचे धरण आहे, आणि वायव्येला महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीवर उभे आहे. हा मुलूख महादेव कोळी समाजाचा. खाचरात भात आणि डोंगरउतारावर नाचणी, वरई ही इथली पिके.

राजूरच्या एखाद्या शेतकऱ्याचे एक एकराचे चौरस शेत आहे असे समजू. एकराचे गुंठे चाळीस. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. अशा चौरस एकराची एकेक बाजू सुमारे २०९ फूट, म्हणजे ६४ मीटरच्या आसपास भरते. हे शेत आपण जगातल्या निरनिराळ्या नकाशांवर ठेवून पाहणार आहोत. चाळीस गुंठ्यांचे कुठे किती होतात, त्यावरून प्रत्येक नकाशाचा स्वभाव आपल्याला कळेल.

शिंप्याच्या कळ्या

गोल वस्तूवर सपाट वस्तू नीट बसत नाही, हे आपल्या घरातल्या स्त्रियांना गणितज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. तांब्याच्या घागरीच्या पोटावर कागद चिकटवायला गेल्यास त्याला चुण्या पडतात. मोसंबीची साल अखंड सोलून पाटावर दाबली तर ती कडेला फाटते. शिंप्याला घेरदार झगा शिवायचा असला की तो सपाट कापडाच्या निमुळत्या कळ्या कापतो आणि त्या एकमेकींना जोडतो. छत्रीचे कापडही असेच पाकळ्यांचे असते. शाळेतला पृथ्वीगोलही अशाच निमुळत्या कागदी पट्ट्या चिकटवून तयार करीत असत.

मग पृथ्वी आपल्याला सपाट का दिसते? ह्याचे उत्तर भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ह्या ग्रंथात दिले आहे. परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो; पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून त्याच्या नजरेच्या टप्प्यात येणारी भूमी त्याला सपाट वाटते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. ह्या विचाराचा उगम असा आपल्या परिसराशी नाते सांगणारा आहे.

भास्कराचार्यांचे म्हणणे आजच्या मोजणीतही खरे ठरते. दहा किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईमुळे लांबीत पडणारा फरक एखाद्या मिलिमीटरइतका असतो. त्यामुळे राजूर गावाचा नकाशा काढताना पृथ्वी सपाट मानली तरी काही बिघडत नाही. गावाला तालुका जोडला, तालुक्याला जिल्हा आणि जिल्ह्याला देश जोडला, की गोलाई डोके वर काढते. विषुववृत्तावर दोन लगतच्या रेखावृत्तांमधले अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. राजूरच्या अक्षांशावर, म्हणजे साडेएकोणीस अंश उत्तरेला, ते १०५ किलोमीटरवर येते. साठ अंशांवर ते जेमतेम ५६ किलोमीटर उरते, आणि ध्रुवावर सगळी रेखावृत्ते एका बिंदूत मिळतात.

गोलाचा कोणताही भाग ताण किंवा चुणी पडू न देता सपाट करता येणार नाही, ह्याची गणिती मांडणी जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाऊस ह्यांनी १८२७ मध्ये पूर्णत्वाला नेली. तेव्हा निर्दोष सपाट नकाशा आजवर कुणाला साधला नाही, आणि पुढेही साधणार नाही.

खलाशांचा नकाशा

सोळाव्या शतकात युरोपची जहाजे जगभर हिंडू लागली, तेव्हा हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. हे इंग्रज येशूसंघीय एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचले. १० नोव्हेंबर रोजी त्यांनी आपल्या वडिलांना पत्र लिहून प्रवासाची हकीकत कळवली. त्या पत्रात त्यांनी खलाशांची एक मोठी अडचण सांगितली आहे. पूर्व-पश्चिम जाताना वाट ठरवण्यासाठी आकाशात स्थिर असे काहीच नसते. म्हणून वारा, पक्षी, समुद्राचे रंगरूप आणि होकायंत्राच्या सुईचे कलणे अशा खुणांवरून अदमास बांधावा लागतो. मराठी भाषेचे कौतुक करणाऱ्या ह्या धर्मगुरूची नजर जहाजावरही किती चौकस होती, ते ह्यावरून दिसते.

स्टीफन्स जहाजात बसले त्याच्या दहा वर्षे आधी, १५६९ मध्ये, ह्या अडचणीच्या एका भागावर उपाय निघालेला होता. गेरार्ड मर्केटर हा त्याचा कर्ता. तो १५१२ मध्ये फ्लँडर्समधील रूपेलमोंड येथे जन्मला. तरुणपणी, १५४४ मध्ये, पाखंडी मतांच्या संशयावरून त्याला सुमारे सात महिने तुरुंगात काढावे लागले. ख्रिस्तसभेच्या इतिहासातली ही सुखद आठवण नव्हे. पण ती दडवण्याचेही कारण नाही. लूवेन विद्यापीठाने त्याची बाजू घेतली आणि तो सुटला. पुढे तो जर्मनीतील ड्युइसबर्ग येथे स्थायिक झाला आणि तिथेच अठरा कागदांवर त्याने आपला जगाचा नकाशा प्रसिद्ध केला.

मर्केटरची युक्ती अशी. उत्तरेकडे एकमेकींजवळ येणारी रेखावृत्ते त्याने कागदावर समांतर उभी केली. असे केल्याने प्रत्येक प्रदेश पूर्व-पश्चिम ताणला जातो. मग तो जितका आडवा ताणला गेला तितकाच उभाही ताणावा, म्हणजे त्याचा आकार बिघडणार नाही. ह्या व्यवस्थेत होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट नकाशावर सरळ रेघेने दाखवता येते. खलाशाने पट्टी ठेवावी, कोन मोजावा आणि सुकाणू त्या दिशेला धरावे. दर्यावर्दी लोकांना ह्याहून मोठे वरदान कोणते?

ह्या वरदानाची किंमत क्षेत्रफळाने मोजली. आपले राजूरचे शेत मर्केटरच्या नकाशावर ठेवले, तर विषुववृत्ताच्या मानाने त्याची लांबी-रुंदी प्रत्येकी सहा टक्क्यांनी वाढते आणि चाळीस गुंठ्यांचे पंचेचाळीस गुंठे होतात. तेवढेच शेत लंडनजवळ असते तर त्याचे सुमारे १०३ गुंठे, म्हणजे अडीच एकरांहून अधिक झाले असते. ग्रीनलंडच्या मध्यावर तेच शेत साडेदहा एकरांचे दिसले असते. ध्रुवाजवळ तर ह्या वाढीला सीमाच राहत नाही. म्हणून ध्रुव ह्या नकाशावर दाखवताच येत नाही.

मर्केटरने हे लपवले नव्हते. त्याने आपल्या नकाशाच्या शीर्षकातच तो जहाजवाल्यांच्या उपयोगासाठी असल्याचे सांगितले आहे. घोटाळा पुढे झाला. समुद्रावरच्या वाटेसाठी काढलेला नकाशा शाळेच्या भिंतीवर गेला, आणि मुलांनी त्यावरून देशांचे लहानमोठेपण ठरवले. कापड मोजायचा गज घेऊन कुणी दूध मोजू लागला, तर दोष गजाचा नव्हे.

दिशा राखणारी वाट सर्वांत जवळची असतेच असेही नाही. आपल्या अनेक कुटुंबांतली मुले आज अमेरिकेत आहेत. मुंबई आणि न्यूयॉर्क ह्यांमधली सर्वांत जवळची वाट पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावी. मुंबई एकोणीस अंशांवर, न्यूयॉर्क जवळपास एक्केचाळीस अंशांवर. तरी तो दोरा वाटेत पासष्ट अंश उत्तरेपर्यंत चढतो. मर्केटरच्या नकाशावर हीच वाट भला मोठा वळसा घेतल्यासारखी दिसते.

मध्यभागी कोण?

आकार आणि क्षेत्रफळ ह्यांच्याबरोबर नकाशात आणखी एक निवड असते. ती म्हणजे मध्यभागी कुणाला बसवायचे. १४९४ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांनी तोर्देसिल्यास येथे करार करून अटलांटिक महासागरात एक उभी रेघ ठरवली. पूर्वेकडचे नवे मुलूख पोर्तुगालचे, पश्चिमेकडचे स्पेनचे. ह्या वाटणीला त्या मुलखांत राहणाऱ्या माणसांची संमती कुणी विचारली नाही. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेघ पलीकडच्या बाजूलाही कुठेतरी उमटणार होती. मसाल्याची मोलुक्का बेटे नेमकी कुणाच्या वाट्याला, ह्यावर वाद पेटला आणि १५२९ मध्ये सारागोसा येथे दुसरा करार करावा लागला. सपाट कागदावर सोपी दिसणारी वाटणी गोल पृथ्वीवर तशी सोपी राहिली नाही.

ह्याउलट एक उदाहरण येशूसंघाच्या इतिहासात आहे. फादर मात्तेओ रिच्ची १५७८ मध्ये गोव्याला आले, १५८० मध्ये कोचीनला त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढे ते चीनला गेले. चिनी विद्वानांना त्यांनी युरोपीय पद्धतीचा जगाचा नकाशा दाखवला. त्यात चीन उजव्या कडेला पडला होता. ज्यांचा स्वतःच्या देशाला ‘मध्यराज्य’ म्हणण्याचा परिपाठ, त्यांना हे कसे रुचावे? रिच्ची ह्यांनी नकाशाची मधली रेषा सरकवली आणि चीन मध्याजवळ आणला. १६०२ मध्ये ली झिझाओ ह्या चिनी विद्वानाच्या सहकार्याने बीजिंग येथे छापलेला त्यांचा मोठा नकाशा आज जगप्रसिद्ध आहे.

ह्याला कुणी खुशामत म्हणेल. परंतु गोलाच्या पृष्ठभागाला मध्य नसतोच. युरोप मध्यभागी असणे ही जितकी सोय, तितकीच चीन मध्यभागी असणे हीही सोय. समोरच्या माणसाला त्याच्या घरापासून जग दाखवावे, हे रिच्ची ह्यांना उमगले होते.

त्याच सुमारास फादर आंतोनियो मोन्सेराते हे येशूसंघीय गोव्याहून अकबर बादशहाच्या दरबारी गेले. वाटेत ते ठिकठिकाणचे अक्षांश मोजत होते, आणि त्यांनी उत्तर हिंदुस्थानचा एक नकाशाही तयार केला. १५९० च्या सुमारास पूर्ण झालेले त्यांचे लॅटिन हस्तलिखित कित्येक शतके अज्ञात राहिले. १९०६ मध्ये ते कलकत्त्याला सापडले.

हिंगणघाटची कबर

देशाच्या नकाशाचा शास्त्रशुद्ध पाया घातला गेला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्या कामाचा एक कर्ता पुरुष महाराष्ट्राच्या मातीत विसावला आहे. विल्यम लॅम्बटन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. एका रेषेची लांबी काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन घ्यायचा, त्रिकोण पुरा करायचा, आणि त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवीत हे काम वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिले. २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. पृथ्वी चेंडूसारखी तंतोतंत गोल नाही. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. हा चपटेपणा आकड्यांत मांडून एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीची जी आकृती निश्चित केली, तिच्यावर भारताचे नकाशे पुढची पावणेदोनशे वर्षे उभे राहिले. ही आकृती हिंदुस्थानच्या भूमीला जुळवून घेतलेली होती. तिची विषुववृत्तीय त्रिज्या आज मान्य असलेल्या त्रिज्येपेक्षा सुमारे ८६० मीटरने कमी आहे. हा फरक किरकोळ वाटतो. परंतु त्याचा परिणाम राजूरच्या शेतापर्यंत कसा पोहोचतो, ते पुढे दिसेल.

आता हे त्रिकोण कागदावर कसे उतरवायचे? भारतीय सर्वेक्षण विभागाने आपल्या भूस्थलदर्शक नकाशांसाठी बहुशंकू प्रक्षेपण स्वीकारले. पृथ्वीवर एकाऐवजी अनेक कागदी शंकूच्या टोप्या चढवल्या आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येक अक्षवृत्ताला त्याच्या मापाची टोपी. देशाचे चार-चार अंशांचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक देण्यात आले. त्यांतल्या ४७ क्रमांकाच्या चौकोनात मुंबई, वसई, पुणे, नाशिक, अहमदनगर, सोलापूर आणि कोल्हापूर ही सगळी शहरे येतात. त्याचे इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे सोळा भाग आहेत. राजूर, भंडारदरा आणि कळसूबाई ही ठिकाणे ‘४७ ई’ ह्या भागात आहेत.

ह्या पद्धतीत प्रत्येक लहान पत्रक आपल्यापुरते जवळजवळ निर्दोष असते. राजूरचा एकर त्यावर चाळीस गुंठ्यांचाच राहतो आणि चौरसही राहतो. परंतु अशी पुष्कळ पत्रके एकत्र घेऊन मोठ्या जमिनीवर मांडत गेले, तर चहूबाजूंनी ती एकमेकांना सांधत नाहीत. कुठेतरी बारीक फट उरते. आपण मघाशी पाहिलेल्या शिंप्याच्या कळ्याच त्या. ह्या फटीत पृथ्वीची गोलाई शिल्लक राहिलेली असते.

क्षेत्रफळाचा न्याय

मर्केटरच्या नकाशावर युरोप आणि उत्तर अमेरिका फुगतात, आणि आफ्रिका, भारत, दक्षिण अमेरिका त्यांच्यापुढे आक्रसतात. वसाहतींच्या काळात हे चित्र राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते, असा आरोप विसाव्या शतकात जोराने झाला. १९७३ मध्ये आर्नो पीटर्स ह्या जर्मन इतिहासकाराने सर्व देशांची क्षेत्रफळे योग्य प्रमाणात दाखवणारा नकाशा पुढे आणला आणि तो न्यायाचा नकाशा असल्याचे जाहीर केले. तिसऱ्या जगाविषयी आस्था बाळगणाऱ्या अनेक ख्रिस्ती संस्थांनी तो उचलून धरला. ब्रिटनमधील ‘क्रिश्चन एड’ ही त्यांपैकी एक.

गंमत अशी की, हाच नकाशा जेम्स गॉल ह्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८५५ मध्येच सुचवला होता. आणि क्षेत्रफळ राखणारी प्रक्षेपणे त्याहूनही जुनी आहेत. योहान लाम्बर्टने १७७२ मध्ये ती मांडली होती. म्हणून भूगोलतज्ज्ञ पीटर्सच्या दाव्यांवर नाराज होते.

आपला एकर ह्या नकाशावर ठेवून पाहू. चाळीस गुंठ्यांचे चाळीसच राहतात; एक गुंठाही वाढत नाही की घटत नाही. परंतु चौरस शेत आता चौरस राहत नाही. त्याची उत्तर-दक्षिण लांबी पूर्व-पश्चिम रुंदीच्या पावणेदोनपट होते, आणि शेताची लांबुळकी पट्टी बनते. त्यामुळेच ह्या नकाशावर आफ्रिका दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या सदऱ्यासारखी लोंबलेली दिसते. मर्केटरने आकार राखून क्षेत्रफळ सोडले. गॉल आणि पीटर्स ह्यांनी क्षेत्रफळ राखून आकार सोडला. दोन्ही एकदम राखणे गणितालाच मान्य नाही.

ह्यातून मधला मार्ग शोधण्याचे प्रयत्न चालूच आहेत. १९८९ मध्ये अमेरिकेतील सात भूगोलविषयक संस्थांनी आयताकृती जगाचे नकाशे सर्वसाधारण उपयोगासाठी वापरू नयेत, असे आवाहन केले. २०१८ मध्ये तीन तज्ज्ञांनी मिळून ‘इक्वल अर्थ’ नावाचे प्रक्षेपण तयार केले. त्यात क्षेत्रफळे योग्य राहतात आणि खंडांचे आकारही डोळ्यांना फारसे खटकत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटरचा नकाशा सोडून असा नकाशा वापरावा ह्या मोहिमेला पाठिंबा दिला. एका खंडाच्या लोकांना आपली भूमी कागदावर तरी तिच्या खऱ्या आकारमानाने दिसावीशी वाटते, ह्यात नवल ते काय?

इकडे आपल्या हातातल्या मोबाइलवरचे रस्त्यांचे नकाशे मात्र बहुतांशी मर्केटरच्याच एका सुधारित रूपावर चालतात. गल्लीतले वळण काटकोनात असेल तर ते काटकोनातच दिसावे, एवढीच तिथे गरज असते. आणि ती मर्केटर उत्तम भागवतो. खलाशासाठी काढलेला नकाशा साडेचारशे वर्षांनी रिक्षाचालकाच्या कामी आला.

उतारावरचे शेत

जगाचा नकाशा सोडून आता पुन्हा गावाच्या नकाशाकडे येऊ. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. शंकुसाखळीने शेते मोजली गेली, हद्दीचे दगड रोवले गेले आणि गावनकाशे तयार झाले. सातबाऱ्यावर जे क्षेत्र लिहिलेले असते, त्याचे मूळ अशा मोजणीत आहे.

ह्या मोजणीचा एक नियम फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जमीन उताराची असली तरी साखळी आडवी, समतल धरून मोजतात. म्हणजे डोंगरावरच्या शेताची जी सावली माध्यान्हीच्या सूर्याखाली सपाटीवर पडेल, तिचे क्षेत्र कागदावर येते. तीस अंशांच्या उतारावरचे चाळीस गुंठ्यांचे शेत पावलांनी मोजले तर सुमारे शेहेचाळीस गुंठे भरते. मर्केटर चाळिसाचे पंचेचाळीस करतो, तर गावनकाशा शेहेचाळिसाचे चाळीस करतो.

हा नियम अन्यायाचा म्हणता येणार नाही. पाऊस वरून पडतो, पीक उभे वाढते. पिकाच्या दृष्टीने ती सावलीच खरी. शिवाय हा नियम नसता तर शेजारची गावे नकाशात एकमेकांना जुळलीच नसती. तरीसुद्धा त्या उतारावर कुदळ मारणाऱ्या माणसाला सहा गुंठ्यांचे जादा कष्ट पडतात, आणि त्या कष्टांची नोंद कागदावर कुठेच नसते. सपाट कागदाने गाळलेली ही गोष्ट नकाशा वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंबांना ते कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागता येतो. अशा जमिनींचे कोपरे आज उपग्रहाच्या साह्याने चालणाऱ्या यंत्राने नोंदवता येतात. हे यंत्र पृथ्वीची नवी, जागतिक आकृती वापरते. जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या आकृतीवर उभे आहेत. दोन्हींमध्ये अक्षांश-रेखांश लिहिण्याची रीत एकच. पण त्यांचा पाया निराळा. त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश आणि यंत्राने दाखवलेले अक्षांश-रेखांश ह्यांत अकोले तालुक्याच्या परिसरात सुमारे शंभर मीटरांच्या घरातले अंतर पडते.

आपल्या एकराची बाजू सुमारे ६४ मीटर आहे, हे इथे आठवावे. दोन पायांमधला फरक हिशेबात न घेता यंत्राचा बिंदू जुन्या नकाशावर तसाच टेकवला, तर गरिबाचे अख्खे शेत आपल्या जागेवरून सरकून शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा राखीव जंगलात जाऊन पडेल. ह्यावर इलाज आहे, आणि तो अवघडही नाही. एका पायावरून दुसऱ्यावर जाण्याची सूत्रे तयार आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी उपयोगाच्या नकाशांसाठी नवी जागतिक आकृती स्वीकारली. परंतु कागद तपासणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे. आणि ज्याचा हक्क आहे त्याला, निदान त्याच्या शिकलेल्या मुलाला, ‘हा नकाशा कोणत्या आकृतीवर काढला आहे?’ असे विचारता आले पाहिजे.

नकाशा वाचणे ही म्हणूनच हक्कांची राखण करणारी विद्या आहे. आपल्या धर्मग्रामांतल्या शाळांनी आणि पालकांनी तिच्याकडे परीक्षेतल्या चार गुणांचा विषय म्हणून पाहू नये. प्रत्येक घरात लहानसा का होईना, पृथ्वीगोल असावा. मुलांनी त्यावर दोरा ताणून मुंबईहून न्यूयॉर्कची वाट शोधावी, कागदाची पट्टी गुंडाळून पाहावी, आणि मग भिंतीवरच्या नकाशाकडे वळावे. कोणताही नकाशा समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लावावी. तू कशासाठी काढला गेलास? तू काय राखलेस? आणि त्यासाठी काय सोडलेस? नकाशाच्या समासात बारीक अक्षरांत प्रक्षेपणाचे नाव आणि आधाराची आकृती लिहिलेली असते. राजूरच्या डोंगरात नाचणी लावणाऱ्या कुटुंबासाठी ती बारीक अक्षरे सातबाऱ्यावरच्या आकड्याइतकीच मोलाची आहेत.